‘रोस्ट केलं’ म्हणजे नेमकं काय केलं?

 

आज आपण एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलणार आहोत. तो शब्द आहे ‘रोस्ट’. तुमच्यापैकी कित्येकींनी तो घरातल्या पोरांच्या तोंडून ऐकला असेल. ऐकला आणि सोडून दिला असेल, कारण पोरं दिवसभरात असे वीस शब्द बोलतात. आम्हीही सोडूनच दिला होता. पण एका आईचा फोन आला आणि आम्हाला त्या शब्दाच्या मागे लागावं लागलं.

त्या ताई म्हणाल्या, “माझी पोरगी दहावीला आहे. चार दिवस झाले, शाळेत जात नाही. स्नेहसंमेलनात तिने नाच केला होता, त्याचा फोटो वर्गातल्या पोरांनी मोबाइलच्या ग्रुपवर टाकला आणि खाली तिच्या रंगावर, अंगावर काहीबाही लिहिलं. त्यात माझ्या जावेचाही मुलगा आहे. त्याला विचारलं, तर म्हणतो, ‘काकू, आम्ही तिला फक्त रोस्ट केलं. तुम्ही उगाच मनावर घेताय.’ आता हे रोस्ट म्हणजे काय हो? शिवी असती तर मला कळली असती. मी त्याला दोन शब्द सुनावले असते. पण शब्दच कळला नाही, म्हणून मी गप्प बसले.”

मैत्रिणींनो, ‘शब्द कळला नाही म्हणून मी गप्प बसले’ हे वाक्य आमच्या मनातून जाईना. म्हणून आज हा शब्द आधी नीट समजून घेऊ. मग पोरांना काय सांगायचं आणि आपण स्वतः काय शिकायचं, तेही पाहू.

रोस्ट या शब्दाचा साधा अर्थ आहे भाजणं. आपण शेंगदाणे भाजतो, थालीपिठाच्या भाजणीसाठी धान्य भाजतो, वांगं भाजतो. इंग्रजीत त्याला रोस्ट करणं म्हणतात. पण बोलीभाषेत याचा दुसराही अर्थ आहे. एखाद्याला शब्दांच्या आचेवर भाजून काढणं, म्हणजे चारचौघांत त्याच्यावर खुसखुशीत, चुरचुरीत बोलून त्याची टिंगल करणं. हा अर्थ काही कालचा नाही. इंग्रजीत तो सुमारे तीनशे वर्षांपासून आहे.

पोरं हा शब्द कसा वापरतात ते बघा. ‘मी त्याला रोस्ट केलं’ म्हणजे मी त्याची चांगली टर उडवली. ‘तो पार रोस्ट झाला’ म्हणजे त्याची अशी फिरकी घेतली की त्याला उत्तर सुचलं नाही. ‘रोस्ट व्हिडिओ’ म्हणजे कुणाची तरी खिल्ली उडवणारी चित्रफीत. हा शब्द मित्रामित्रांतला आहे. अर्जात, सभेत किंवा गुरुजींशी बोलताना तो कुणी वापरत नाही.

शेजारचे आणखी दोन शब्दही ओळखून ठेवा. एक ‘लेग पुलिंग’. याचा शब्दशः अर्थ पाय ओढणं. पण इथे गंमत आहे. आपल्याकडे पाय ओढणं म्हणजे पुढे जाणाऱ्याला मागे खेचणं. इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ फिरकी घेणं, एखाद्याला थोडा वेळ खोटंनाटं सांगून बनवणं. तेव्हा मुलगी ‘माझं लेग पुलिंग करतात’ म्हणाली, तर लगेच घाबरू नका. दुसरा शब्द ‘कमेंट पास करणं’. हा मात्र वेगळा आहे. रस्त्याने जाणाऱ्या मुलीवर शेरे मारणं, याला पोरं कमेंट पास करणं म्हणतात. तिथे गंमत नसते, छेडछाड असते. शब्द इंग्रजी असला की सगळं एकसारखंच हलकंफुलकं वाटतं. तसं ते नसतं.

आता रोस्टच्या कार्यक्रमाकडे येऊ. त्याची प्रथा अमेरिकेतली. न्यूयॉर्क शहरात नाटक-सिनेमावाल्यांची फ्रायर्स क्लब नावाची जुनी संस्था होती, १९०४ साली सुरू झालेली. विसाव्या शतकाच्या मध्याला तिथल्या रोस्टच्या मेजवान्या गाजू लागल्या. एखाद्या नामवंत कलाकाराला पाहुणा म्हणून बोलवायचं, मानाच्या खुर्चीवर बसवायचं आणि त्याच्याच मित्रांनी उठून एकेक करून त्याची टिंगल करायची. शेवटी पाहुणा उठायचा आणि सगळ्यांना सव्याज परत द्यायचा. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेच्या टीव्हीवरही असे कार्यक्रम गाजले.

या क्लबची एक गोष्ट तुम्हाला सांगितलीच पाहिजे. कितीतरी वर्षं या मेजवान्यांना फक्त पुरुषच जात. बायकांना दार बंद. फिलिस डिलर नावाची एक नामांकित विनोदी कलाकार होती. पाच मुलांची आई, वयाच्या सदतिसाव्या वर्षी तिने रंगमंचावर पाऊल टाकलं. ती स्वतःच्या दिसण्यावर, स्वतःच्या स्वयंपाकावर विनोद करायची आणि लोक पोट धरून हसायचे. १९८३ साली ही बाई पुरुषाचा वेष करून अशाच एका मेजवानीत जाऊन बसली. आपल्याकडे तमाशात पुरुष लुगडं नेसून मावशी होतो. तिथे बाईला हसायला जागा मिळावी म्हणून पुरुष व्हावं लागलं. त्या क्लबने बायकांना सभासद करून घेतलं ते १९८८ मध्ये.

आपल्याकडे हा प्रकार गाजला तो मुंबईत. डिसेंबर २०१४ मध्ये वरळीला एआयबी नावाच्या विनोदी मंडळींनी मोठा कार्यक्रम केला. रणवीर सिंग आणि अर्जुन कपूर या नटांना त्यांनी रोस्ट केलं. दोघंही राजीखुशीने स्टेजवर बसले होते, स्वतःही हसत होते. महिन्याभराने त्याची चित्रफीत इंटरनेटवर आली. भाषा फार शिवराळ होती, म्हणून पोलिसांत तक्रारी झाल्या आणि चित्रफीत काढून टाकावी लागली. वर्तमानपत्रांत खूप चर्चा झाली. पुढे मोबाइल स्वस्त झाले, रोस्टचे व्हिडिओ घरोघरी पोहोचले आणि हा शब्द आपल्या गावच्या पारावर येऊन बसला.

शब्द आला, पण वाटेत त्याची एक गोष्ट हरवली. ती म्हणजे पाहुण्याची खुर्ची. असल्या कार्यक्रमात ज्याची टिंगल होते, त्याला आधी विचारलेलं असतं. तो ‘हो’ म्हणून आलेला असतो. आजूबाजूचे बोलणारे त्याचे बरोबरीचे असतात. आणि शेवटी उत्तर द्यायची पाळी त्याची असते. त्या दहावीच्या पोरीला कुणी विचारलं होतं? तिला कुठली खुर्ची दिली होती? उत्तर द्यायची पाळी कधी येणार होती? ती एकटी, आणि समोर अख्खा ग्रुप.

तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेचं, आपल्याला काय करायचं? पण मैत्रिणींनो, रोस्ट हा शब्द आपल्याला नवा असला तरी ती गोष्ट नवी नाही. आपल्या आज्या-पणज्यांना ती चांगली माहीत होती.

लग्नातलं रुखवत आठवा. दोन्हीकडच्या बाया समोरासमोर बसतात आणि गाण्यांतून एकमेकींना टोले देतात. विहीणबाईंच्या नाकापासून त्यांच्या मानपानापर्यंत काही सुटत नाही. भोंडल्याच्या, हादग्याच्या गाण्यांत सासरच्या माणसांची यथेच्छ टिंगल असते. मंगळागौरीला फुगडी घालताना बाया उखाण्यांत एकमेकींना चिमटे काढतात. शिमग्याला तर अख्ख्या गावाला तोंड सोडायची मुभा. आणि जात्यावर बसून बायांनी ओव्यांतून जे जे म्हणून घेतलं, ते घरात तोंड वर करून बोलायची त्यांची प्राज्ञा नव्हती. थट्टेच्या पडद्याआडून कितीतरी खरं बोललं गेलं आहे. म्हणून थट्टा वाईट असं आम्ही मुळीच म्हणणार नाही. हसणं बंद झालं तर घर ओस पडेल.

पण या जुन्या थट्टेलाही कायदे होते. कुणी लिहून ठेवले नव्हते, सगळ्यांना पाठ होते. एक, तिला वेळ ठरलेली असे. रुखवत संपलं की टोले संपले, मग विहिणी विहिणींची गळाभेट. दुसरं, तिला परतफेड असे. आज तुझी पाळी, मग माझी. तिसरं, जिच्यावर बोलायचं ती समोर बसलेली असे, पाठीमागे नव्हे. आणि चौथं, थट्टा बरोबरीच्याची किंवा वरच्याची असे. सुनेने गाण्यात सासूला चिमटा काढला तर ती गंमत. सासूने भर पंगतीत सुनेचं माहेर काढलं तर तो टोमणा. शब्द तेच असले तरी पारडं वेगळं.

मोबाइलवर यातला एकही कायदा चालत नाही. तिथे वेळ संपत नाही. शिमगा जातो आणि कवित्व राहतं, अशी म्हण आहे. मोबाइलवरचं कवित्व तर कायमचंच राहतं. आज टाकलेला फोटो उद्या दुसऱ्या गावात, परवा होणाऱ्या सासरी.

हे सगळं पोरांबद्दल झालं. आता आमच्याबद्दल सांगतो, कारण दुसऱ्याला सांगण्याआधी आपलं सांगितलेलं बरं.

आमच्या बचत गटात एक वयस्कर सभासद आहेत. सगळ्या त्यांना आत्या म्हणतात. हप्ता भरताना आत्या नोटा तीनदा मोजतात. एका बैठकीत आमच्यातली एक म्हणाली, “आत्या, नोटा मोजताय की तांदूळ निवडताय?” सगळ्या खळखळून हसल्या. आत्याही हसल्या. मग दर महिन्याला तेच. आत्यांनी कनवटीला हात घातला की कुणीतरी म्हणायचं, “चला बायांनो, सूप आणा, निवडायला बसू.” पुन्हा हसू. पुढे आत्या येईनाशा झाल्या. हप्ता सुनेच्या हातून पाठवू लागल्या. आम्हाला वाटलं, गुडघे दुखत असतील.

दोन महिन्यांनी आम्ही चौघी त्यांच्या घरी गेलो. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग आत्या म्हणाल्या, “एकदा माझ्या हप्त्यात एक नोट कमी भरली होती. तेव्हा कुणी काही बोललं नाही, पण मला आठ दिवस झोप नव्हती. तेव्हापासून मी तीनदा मोजते. मला आकडे कुठं चांगले येतात?” आम्ही म्हटलं, “आत्या, पण तुम्ही तर हसत होतात.” त्या म्हणाल्या, “सगळ्या हसल्या म्हणून हसले. नसते हसले तर म्हणाला असतात, म्हातारीला मस्करी कळत नाही.”

आम्ही खाली बघत बसलो. बोलणारी एकच होती, पण हसणाऱ्या आम्ही सगळ्या होतो. आम्ही आत्यांना रोस्ट केलं होतं. फक्त तो शब्द तेव्हा आम्हाला माहीत नव्हता. आमच्या मनात काही वाईट नव्हतं हे खरं. पण मस्करीची कुस्करी व्हायला मनात वाईट असावंच लागतं असं नाही.

त्या दिवशी आम्हाला एक गोष्ट कळली. एखादं बोलणं मस्करी होती की नाही, हे बोलणाऱ्याने ठरवायचं नसतं. ज्याच्यावर बोललं गेलं, त्याने ठरवायचं असतं. आणि तो हसला म्हणजे त्याला चाललं, असंही नाही. चारचौघांत माणूस लाजेनेही हसतो. आपण दाणे भाजतो तेव्हा आच कमी-जास्त करतो, सारखे हलवतो, वास घेतो. तेवढंही लक्ष न देता ते कढईत टाकून दिले तर करपतात. मग ‘मी भाजतच होते’ म्हणून काय उपयोग?

आता घरातल्या पोरांना काय सांगायचं? नुसतं रागावू नका. रागावलं की पोरं म्हणतात, आईला काही कळत नाही. तुम्हाला आता शब्द कळला आहे, तेव्हा प्रश्न विचारा. पहिला प्रश्न, तिला विचारलं होतंस का? दुसरा, तिने तुला उलट रोस्ट केलं तर तू तितकाच हसशील का? तिसरा, ती ‘पुरे’ म्हणाली तेव्हा तू थांबलास का? चौथा, जे बोललास ते तिला बदलता येण्यासारखं आहे का? कुणी गाणं चुकीचं म्हटलं, त्यावर थट्टा झाली तर तो उद्या नीट म्हणेल. पण रंग, उंची, तोतरेपणा, जात, घरची गरिबी, बाप दारू पितो ही गोष्ट, यावर बोललं तर त्या पोराने काय करायचं? तिथे विनोद नसतो, घाव असतो.

मुलीला काय सांगायचं? ‘दुर्लक्ष कर’ एवढंच म्हणून सोडू नका. ‘मला हे आवडलं नाही, काढून टाक’ असं साध्या शब्दांत म्हणायला शिकवा. तरी थांबलं नाही, तर जे लिहिलंय त्याचा मोबाइलवर स्क्रीनशॉट काढून ठेवा, मग वर्गशिक्षकांकडे जा. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना मदत हवी असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे. तो फुकट लागतो.

मोठ्या बायांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. लेकी बोले सुने लागे, अशी बोलणी आपल्या घरांत रोज होतात. पण रोजचं झालं म्हणून ते कायद्याच्या बाहेर नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा फक्त मारहाणीबद्दल नाही. घरात सतत अपमान करणं, खिल्ली उडवणं, नावं ठेवणं, मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही म्हणून टोमणे मारणं, ही त्या कायद्याने हिंसाच मानली आहे. शब्दांनी आणि मनाला होणारा छळ, असं ते कलम सांगतं. यासाठी संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा नंबर आहे. आणि बाईवर अश्लील शेरे मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ प्रमाणे गुन्हा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिथे ‘मी रोस्ट करत होतो’ असं म्हणून सुटका होत नाही.

आता शेवटी, त्या फोन करणाऱ्या ताईंचं काय झालं ते सांगतो. आम्ही त्यांना शब्दाचा अर्थ सांगितला. रोस्टच्या पाहुण्याला आधी विचारतात, त्याला खुर्ची देतात, हेही सांगितलं. त्यांनी पुतण्याला घरी बोलावलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “बाळा, रोस्ट म्हणजे काय ते मला आता कळलंय. तू तिला विचारलं होतंस का?” तो काही बोलला नाही. त्याने आपलं लिहिलेलं पुसलं आणि ज्याने फोटो टाकला होता त्यालाही फोटो काढायला लावला. सोमवारी पोरगी शाळेत गेली. बाक बदलून घेतला. चुलतभावाशी अजून बोलत नाही. ताई म्हणाल्या, बोलेल तेव्हा बोलेल, मी घाई करणार नाही.

आणि आमच्या आत्या पुन्हा बैठकीला येऊ लागल्या. आधी आम्ही सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. आता हप्ता घेताना आम्ही प्रत्येकीच्या नोटा तीनदा मोजतो. गटाचा तसा नियमच केला आहे. पहिल्या महिन्यात आमच्या खजिनदारबाई दोनदाच मोजून थांबल्या. आत्या म्हणाल्या, “खजिनदारबाई, तांदळात खडे राहतील हं.” त्या दिवशी मात्र आम्ही मनापासून हसलो, आणि खजिनदारबाई सगळ्यांत जास्त हसल्या.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत यावर दहा मिनिटं बोला. आपल्यातली कुणी अलीकडे यायची थांबली आहे का? तिच्यावर आपण कशावरून हसत होतो? उत्तर सापडलं तर वाट बघू नका. तिच्या घरी चहाला जा. आणि तिकडे काय झालं ते आम्हाला कळवा.

पुढच्या वेळी पुन्हा भेटू. तोपर्यंत रामराम.